आत्याचं वाचन रांगेत होतं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो सुरू झाला आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये सातची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुरू झाली तेव्हा पुरा झाला. सतराला दहा मिनिटं कमी, इतके तास. त्या तासांत कोणीही तिच्याशी वाईट वागलं नाही. कोणी आवाज चढवला नाही, कोणी तिला हाकललं नाही. उलट तिला चहा दिला.

मी पत्रकं लिहिते. बोळिंजमध्ये राहते, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटाची पत्रकं गेली चार वर्षं माझ्याच हातची. पहिल्या ओळीत पीडित, दुसऱ्या ओळीत दोषी, तिसरीत मागणी, असं मला शिकवलं गेलंय. इथे दुसरी ओळ मी मागे ठेवते. लपवायची म्हणून नाही. काय कसं घडलं ते क्रमाने कळल्याशिवाय ही चूक फार किरकोळ वाटते, आणि ती कोणाला किरकोळ वाटलेली मला चालणार नाही.

आत्या वटारला राहते, वाडीत. शुगरने तिचे डोळे गेले त्याला आता दहा वर्षं उलटून गेली. तेव्हापासून माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, रोज सकाळी बोळिंजहून स्कूटरवर जाऊन तिला पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेखापासून मयताच्या बातम्यांपर्यंत सगळं. मधेच ती म्हणायची, "ही ओळ गाळलीस." बाबा म्हणायचे, "तुला कसं कळलं? तुला दिसतं का?" ती म्हणायची, "तुझा आवाज लबाड होतो." हे संभाषण मी शेकडो वेळा ऐकलंय. (ती बोलते आमच्या घरच्या बोलीत. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी साधं मराठी केलंय. त्यात तिचा अर्धा खट्याळपणा गेला, त्याला इलाज नाही.)

मग बाबा गेले. महिनाभर ती कोणाकडून पेपर ऐकेना. आणि मग एके दिवशी मला म्हणाली, "बाय, ती टिंबांची लिपी मला शीक असं तू किती वर्षं डोकं खातेस. शिकते. एक अट. त्याच्या वर्षाच्या मिस्सेला बायबलमधलं पहिलं वाचन मी करणार. हाताने. त्याने मला नऊ वर्षं वाचून दाखवलं, मी त्याला एकदा दाखवते."

मी म्हटलं, "पाठ कर की. पाच परिच्छेद तर आहेत."

"पाठ केलं तर लोक म्हणतील, बिचारी पाठ करून आली. मला बिचारी म्हणवून घ्यायचं नाही. मला वाचायचंय."

बासष्टाव्या वर्षी ब्रेल. केळीच्या कामाने राठ झालेली बोटं, त्यात शुगरने आलेला बधिरपणा. पाटी आणि टोचणीने कागदावर टिंबं पाडायला ती शिकली, पण हाताने पाडलेली टिंबं इतकी उथळ उठायची की तिचीच तिला लागायची नाहीत. मशीनने ठोकलेली खोल टिंबंच काय ती तिच्या बोटांना कळत. म्हणून मशीन.

ब्रेल छापणारं मशीन आमच्या गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत होतं. एका बंद पडलेल्या संस्थेने दिलेलं, जुनं, वजनाला शिलाई मशीनपेक्षा जड. छापायला लागलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. ते फक्त एकाच प्रकारच्या जागी जोडता यायचं, कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या पंचवीस भोकांच्या जुन्या पोर्टला. असा पोर्ट असलेला कॉम्प्युटर वाचनालयाकडे एकच, आणि त्याला पोर्टही एकच. पंचाईत अशी की पत्रकं छापायचा आमचा प्रिंटरही तेवढाच जुना, त्यालाही तोच पोर्ट लागायचा.

हे सगळं सांभाळायचे एक काका. बोळिंजचेच, मूळ कोकणातले, नोकरीभर कारखान्यात मशीनं दुरुस्त करून निवृत्त झालेले. पैसे घेत नसत, चहात साखर मात्र तीन चमचे. त्यांनी आधी एक खटक्याची डबी बसवली होती. खटका डावीकडे म्हणजे प्रिंटर, उजवीकडे म्हणजे ब्रेल मशीन. पण लोक खटका फिरवायचं विसरायचे आणि भांडणं व्हायची. भांडणारी मुख्यतः मी. "काका, हे काय जुनाट हातखटके? कॉम्प्युटरने आपलं आपण ठरवायला पाहिजे." काकांनी चार दिवस खपून खटका काढला, दुसरी डबी लावली आणि ठरवायचं काम ड्रायव्हरांवर सोपवलं.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते त्यांनी आत्याला समजावून सांगितलं तेव्हा मी तिथे होते.

"ताई, प्रत्येक मशीनची बोली वेगळी. ती बोली येणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. प्रिंटरचा एक, तुमच्या ब्रेल मशीनचा एक. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. दार एकच आहे हेही त्यांना ठाऊक नाही. म्हणून मधे एक मुकादम ठेवलाय. ज्याला छापायचंय त्याने मुकादमाकडे दार मागायचं. मोकळं असेल तर लगेच मिळतं."

"आणि आत दुसरा असला तर?"

"तर मुकादम आतल्याला विचारतो, बाहेर कोणी थांबलंय, सोडतोस का? तो हो म्हणाला तर बदली. नाही म्हणाला तर बाहेरच्याचं नाव रांगेत. आतल्याने दार सोडलं की मुकादम रांगेतल्याला उठवतो."

"नाही म्हणायची मुभा आहे त्याला?"

"द्यावी लागते. अर्ध्या ओळीत असताना ओढून काढला तर कागदावर कचरा येतो. त्याचंही वाटोळं आणि तुमचंही."

आत्याने मान हलवली. मग म्हणाली, "म्हणजे मुकादमाच्या हातात काही नाही. सगळं आतल्याच्या अकलेवर."

"शंभर टक्के, ताई. चांगला ड्रायव्हर ओळखायचा कसा? काम असेल तेवढंच दार धरतो. झालं की सोडतो. कोणी मागायची वाट बघत नाही."

"हे काय नवीन सांगताय भाऊ," ती हसली. "हे आमचं बावखल झालं."

वाडीत बावखल आहे, गोड्या पाण्याचं तळं, आणि त्यावर चार घरांत मिळून एक मोटर. पाळ्या लावलेल्या. पण पाळी घड्याळाने संपत नाही. तुमचं शिंपण झालं की तुम्ही मोटर बंद करायची, चिखलाच्या पायांनी पुढच्याच्या अंगणात जायचं आणि हाक द्यायची, "पाणी सोडलं." ती हाक दिली की पाळी संपली. फोन चालत नाही, पोराला पाठवणं चालत नाही. आणि ह्याची दुसरी बाजू तितकीच कडक. ज्याची पाळी चालू आहे त्याला "झालं का" म्हणून कोणी विचारायला जात नाही. विचारलं म्हणजे तुम्ही त्याच्यावर संशय घेतला. ह्या एका कारणावरून दोन घरं सहा महिने बोलत नव्हती, हे मी लहानपणी पाहिलंय. आत्याच्या अंगात हा नियम इतका मुरलेला होता की त्याला नियम म्हणतात हेही तिला माहीत नसावं.

आता शुक्रवार. त्या संध्याकाळी मी वाचनालयात पत्रकं छापायला बसले. बोळिंजच्या सोसायट्यांमधून व्हीलचेअरसाठी उतार बांधलेत, आणि प्रत्येक उतारावर कोणीतरी स्कूटर लावून ठेवतो. विचारलं तर म्हणतो, दोनच मिनिटं. त्याविरुद्ध पत्रक होतं. मथळा माझा: "अडवलेली वाट मोकळी करा." चारशे प्रती सोडल्या. अडीचशेच्या पुढेमागे कागद संपला. प्रिंटरवर नारिंगी दिवा लुकलुकायला लागला, पडद्यावर चौकट आली की कागद घाला. बाहेर स्टेशनरीवाला बंद झालेला. मी म्हटलं, उद्या बघू. चौकट तशीच ठेवली, पडदा विझवला, कारण विजेची उधळपट्टी मला आवडत नाही, आणि तयार गठ्ठा घेऊन निघाले. शनिवारी सोसायट्यांमध्ये वाटप होतं, मग सभा. कागद घालायला मी परत गेलेच नाही.

शनिवारी दुपारी आत्या रिक्षाने वाचनालयात आली. वाचनाचा मजकूर काकांनी आधीच टाइप करून ठेवला होता. काका स्वतः लग्नाला चिपळूणला गेलेले. ग्रंथपाल बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, तिच्या नावाचं खातं उघडून दिलं. कॉम्प्युटर तिच्याशी बोलतो, तशी सोय आहे. तिने छापायची आज्ञा दिली, ती दोन वाजून दहा मिनिटांनी. कॉम्प्युटर म्हणाला, "काम रांगेत आहे."

चूक झाली असं तो म्हणाला नाही. दार बंद आहे, असंही नाही. रांगेत आहे म्हणाला. माझी चौकट माझ्या खात्यात उघडी होती, ती तिला ऐकू येणार नव्हती. खालचं दार मात्र दोघींचं एकच.

बाईंनी विचारलं, "होतंय ना?"

"रांगेत आहे."

"तुमच्या भाचीची पत्रकं कालपासून चालू आहेत बहुतेक. अर्धी राहिलीत म्हणाली होती."

"असं होय," आत्या म्हणाली. आणि ब्रेल मशीनच्या झाकणावर हात ठेवून बसली. बाईंनी हे मला नंतर सांगितलं. सहापर्यंत बसली होती. मधे चहा घेतला, तोही डाव्या हाताने. उजवा हात झाकणावर होता, गारा सुरू झाल्या तर पहिल्यांदा हाताला कळावं म्हणून.

संध्याकाळी सातच्या सुमाराला तिचा मला फोन आला. मी सभेच्या हॉलबाहेर उभी होते, आत माझं बोलणं झालेलं, टाळ्या पडलेल्या.

"तुझी पत्रकं झाली का सगळी?" तिने विचारलं.

"कुठे, अजून दीडशे बाकी आहेत."

"बरं."

"तुझं छापून झालं ना गं?"

"नाही अजून. रांगेत आहे."

"होईल. ते मशीन हळूच आहे. मी सकाळी घेऊन येते, तू थेट चर्चला जा."

"बरं गं बाय," ती म्हणाली आणि थोडी थांबली. मग फोन ठेवला.

ते थांबणं मला आज ऐकू येतं. संशय घेण्याच्या जितकं जवळ तिला जाता येत होतं, तितकी ती आली होती. ह्यापुढे जाणं तिच्या हाडात नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला बाईंनी माझ्यासाठी वाचनालय उघडलं. मशीनमध्ये कोरा कागद. मी आत्याच्या खात्यात जाऊन पुन्हा आज्ञा दिली. काम रांगेत आहे. पुन्हा दिली. रांगेत आहे. तिसऱ्यांदा. वायर हलवून बघितली, मशीनला चापट मारली, ते देणाऱ्या संस्थेचा उद्धार केला. प्रिंटर तिथून दोन हातांवर होता, नारिंगी दिवा लुकलुकत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माझा प्रिंटर होता, त्याचं काही बिघडलेलं नव्हतं.

आत्या चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. पांढरी साडी, केसांत काही नाही. माझी पावलं ओळखून तिने दोन्ही हात पुढे केले, कागद घ्यायला. तळवे वर.

मी म्हटलं, "मशीन बिघडलंय."

तिने हात लगेच मागे घेतले नाहीत. थोडा वेळ तसेच धरले, जणू मी अजून काहीतरी म्हणेन.

"मग तू वाच," ती म्हणाली.

पहिल्या वाचनाची वेळ झाली तेव्हा मी उठले. फादरना वाटलं मी तिला हाताला धरून नेते आहे, म्हणून ते हसून थांबले. ती बाकावरच बसून राहिली. मी वाचलं. मला एकाच पद्धतीने वाचता येतं, ठासून, शेवटचा शब्द आपटून. बाबांच्या वर्षाच्या मिस्सेला मी वाचन सभेत पत्रक वाचावं तसं वाचलं. परत आले तेव्हा आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "एक ओळ गाळलीस."

गाळली होती. घाईत.

त्या दुपारी मी काय केलं तेही सांगते, कारण मला सवलत नको. मी बसून निषेधपत्र लिहिलं. "अंधांच्या गळ्यात भंगार मारणाऱ्यांनो" अशी सुरुवात. जुनं मशीन देऊन फोटो काढून घेणारे, दार अडवणारे ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्या, अनुदान न देणारे, सगळ्यांना झोडलं. दीड पान. चांगलं जमलं होतं.

सोमवारी काका परत आले. मी त्यांना निषेधपत्र वाचायला दिलं. ते वाचत वाचतच मागच्या खोलीत गेले, आणि दारातच थांबले.

"हा दिवा कधीपासून लुकलुकतोय?"

"कुठला?"

त्यांनी आपल्या कुलपातल्या कपाटातून कागदाची रिम काढली, फोडली, प्रिंटरमध्ये कागद घातला. घालताक्षणी माझी पत्रकं यायला लागली. अडवलेली वाट मोकळी करा. अडवलेली वाट मोकळी करा. दीडशेच्या आसपास प्रती, एकामागून एक, पंधरा-वीस मिनिटं. आम्ही दोघं उभे. काका म्हणाले, "कागद संपला तरी त्याच्या लेखी काम चालूच असतं. मुकादमाने शनिवारपासून त्याला किती वेळा विचारलं असेल, सोडतोस का. तो म्हणत असेल, माझं अर्धं राहिलंय."

शेवटचं पत्रक पडलं. प्रिंटर थांबला. एक श्वास घ्यावा इतकी शांतता, आणि मग ब्रेल मशीन आपोआप सुरू झालं.

कोणी त्याला हात लावला नव्हता. मुकादमाने रांगेतल्याला उठवलं होतं. पत्र्यावर गारा पडायला लागल्या. आत्याचं वाचन छापून आलं. मग पुन्हा आलं. मग माझ्या रविवारच्या तीन आज्ञांपैकी उरलेल्या दोन. एकूण चार प्रती, खोल, स्वच्छ टिंबांच्या. एक दिवस उशिरा.

काकांनी निषेधपत्र माझ्या हातात परत दिलं. "मजकूर झकास आहे," म्हणाले. "फक्त कोणाला लिहिलंय तेवढं बदल."

ही दुसरी ओळ. दोषी मी.

एक प्रत घेऊन मी वटारला गेले. आत्या ओट्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने कागद मांडीवर घेतला आणि वाचायला लागली, मोठ्याने, बोट सरकवत. अडखळत होती. एका शब्दाला दोनदा मागे आली. पण वाचलं, पाचही परिच्छेद, मी गाळलेल्या ओळीसकट. ऐकायला मी आणि एक मांजर.

मी म्हटलं, "तू मला विचारलं का नाहीस? फोनवर सरळ म्हणायचंस, तुझं बंद कर."

"तुझं पाणी चालू होतं," ती म्हणाली. "तू हाक मारशील म्हणून बसले."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. रागाचं काय करायचं ते मला येतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा वाच," मी म्हटलं.

"वर्षाची मिस्सा एकदाच असते, बाय." तिने कागदाची घडी घातली. ब्रेलच्या कागदाची घडी घालत नाहीत, टिंबं मोडतात, हे तिनेच मला शिकवलं होतं. चार घड्या घातल्या, अंगठ्याने दाबून. मग आत जाऊन पाटी आणि टोचणी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "नंदाखाल गावातल्या त्या मुलीला दे, जिचे डोळे आता आता जायला लागलेत. तिची बोटं मऊ असतील."

तेव्हापासून तिने टिंबांना हात लावलेला नाही. पेपर ऐकते, मीच वाचते, आठवड्यातून दोनदा, बाबांइतकं नाही. ओळ गाळली तर आता ती काही म्हणत नाही. मी मुद्दाम गाळून बघितलंय.

काकांनी जुना खटका पुन्हा बसवला आहे. डावीकडे एक टिंब, उजवीकडे दोन, हाताला लागतील अशी. खटका असता तर आत्याला हात लावल्याबरोबर कळलं असतं की दार कोणाकडे आहे. तो जुनाट म्हणून काढायला लावणारीही मीच.

मी अजून उतारावर लावलेल्या स्कूटरींवर पत्रकं चिकटवते. मालक खाली येतो, म्हणतो दोनच मिनिटं लावली होती. पूर्वी मी भांडायचे. आता त्याच्या हातात पत्रक देते आणि उभी राहते. तो स्कूटर काढेपर्यंत.

तुमच्याकडूनही मला तेवढंच हवंय, आणि ते आज हवंय. तुमच्या ऑफिसात, शाळेत, वाचनालयात, सायबर कॅफेत असं एक तरी यंत्र आहे जे तुमच्या एकट्याचं नाही. त्यावर तुमचं काहीतरी अर्धवट उघडं पडलंय, उद्या बघू म्हणून. मागे कोणी थांबलंय का, ते कॉम्प्युटर तुम्हाला सांगणार नाही, आणि जो थांबलाय तोही सांगणार नाही. तुम्ही ड्रायव्हर लिहिणारे असाल तर तुमच्याकडे मागणी एक जास्त: रांगेतल्या माणसाला नुसतं रांगेत आहे सांगू नका, दार कोणी धरलंय तेही सांगा. बाकीच्यांनी हा कागद खाली ठेवा, उठा, जाऊन ती चौकट बंद करा. आणि मग पुढच्या माणसाच्या दाराशी स्वतःच्या पायांनी जा आणि त्याला हाक मारून सांगा की सोडलं.